झेरमॅटचे तीन दिवस

(ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



दूध आटतंय तोवर मी वीस मिनिटं बोलावं असं मला सांगितलंय. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे तास किती वाजता संपवायचा हे मला कळतं. काळजी नको.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आम्ही चौघं स्वित्झर्लंडला गेलो होतो. आम्ही दोघं आणि ए-विंगमधले भाऊ-वहिनी. एकूण सहल बारा दिवसांची, पण आज मी फक्त त्यातल्या तीन दिवसांबद्दल बोलणार आहे. झेरमॅट नावाच्या गावातल्या. फोटो सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिले आहेत. फोटोत जे आलं नाही ते आज सांगायचंय.

आधी, गेलो कशाला ते सांगते. एकतीस वर्षं मी मुलांना हिमनदी शिकवली. फळ्यावर आकृती काढायची, हिमगव्हर, गिरिशृंग, हिमोढ, यू आकाराची दरी. गिरिशृंगाचं उदाहरण कोणतं? आल्प्समधील मॅटरहॉर्न. एक मार्क. हजारो मुलांनी माझ्यामुळे तो एक मार्क मिळवला असेल. आणि मी स्वतः? मी बर्फ पाहिला होता तो फक्त मनालीचा. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिली आहे का हिमनदी?" तेव्हा वर्ग हसला आणि मीही हसले. पण ते मनात राहिलं होतं. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता तुझी हिमनदी बघून येऊ." म्हणजे सहल ठरली ती माझ्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तयारी आपल्या नेहमीच्या पद्धतीने. चार महिने रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या, आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. दर रविवारी सिंहगड. आपल्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्तीला काढली होती ते आठ दिवस आम्ही कमिटीला शिव्या दिल्या नाहीत, जिना हाच सराव समजलो. भाऊंनी हिमालयात दोन-तीन ट्रेक केलेले, त्यामुळे ते आमचे कॅप्टन. बूट नवे घ्यायचे पण दोन महिने आधी घ्यायचे आणि घासून मऊ करायचे, हे त्यांनीच शिकवलं. बॅगेत मेतकूट, थेपले, छोटा कुकर, आणि प्रत्येकाच्या गोळ्यांचा डबा. प्रवासाचा विमा काढताना एजंटने विचारलं, "आधीचा काही आजार?" मी सांगितलं, यांना बी.पी. आहे, गोळी चालू आहे. बाकी काही नाही. हेही लक्षात ठेवा.

आता गाव. झ्युरिकहून रेल्वेने फिस्प या स्टेशनला यायचं, तिथे छोटी गाडी पकडायची, आणि मग तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ ती गाडी दरीतून वर वर चढते. वाटेत एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कडा. शेवटून दुसरं महत्त्वाचं स्टेशन टॅश. मोटारीने येणाऱ्यांनी गाडी तिथेच ठेवायची, कारण झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना बंदी आहे. आपलं माथेरान डोळ्यांसमोर आणा. दस्तुरीला गाड्या थांबतात, तसंच. फक्त इथे घोड्यांच्या ऐवजी विजेवर चालणाऱ्या चौकोनी डब्यांसारख्या टॅक्सी. आवाज येत नाही त्यामुळे मागून येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नाही. मोटारी नकोत हा निर्णय गावकऱ्यांनी मतदान करून कायम ठेवलाय. पार्किंगवरून आपल्या जनरल बॉडीत काय होतं ते आठवून वहिनी म्हणाल्या, "यांचे मिनिट्स वाचायला मिळाले तर बरं होईल."

गावाची वस्ती जेमतेम सहा हजाराच्या आतली. आणि उंची किती असेल? साधारण १,६०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. जवळपास तेवढ्या उंचीवर त्यांचं स्टेशन आणि भाजी मंडई! आपला माथा जिथे संपतो तिथे त्यांचा पायथा सुरू होतो. हे वाक्य मी तिथे मोठ्या कौतुकाने बोलले होते. त्याचा खरा अर्थ तिसऱ्या दिवशी समजला.

आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली होती, कारण तिथे साधी कॉफी पाच फ्रँकची. जेवण बाहेर घेतलं तर हिमनदी बघायची गरज नाही, बिल बघूनच गारठतो माणूस. स्टेशनसमोर को-ऑप नावाचं दुकान आहे. नाव वाचून भाऊ थबकले. खरंच सहकारी आहे ते. त्या देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या किराणा साखळ्या, को-ऑप आणि मिग्रोस, दोन्ही सहकारी संस्था आहेत, सभासदांच्या मालकीच्या. आपण सहकारी म्हटलं की डोळ्यांसमोर मेंटेनन्सची थकबाकी येते! तिथून दही, ब्रेड, बटाटे आणायचे, आणि संध्याकाळी मऊ भात-मेतकूट. खिडकीतून मॅटरहॉर्न.

तो डोंगर कसा दिसतो, ते मी फळ्यावर चुकीचं काढत होते हे पहिल्याच मिनिटाला कळलं. मी त्रिकोण काढायचे. तो त्रिकोण नाही. वरचं टोक किंचित वाकलेलं आहे, मान वळवून कुणीतरी बघतंय असं. उंची ४,४७८ मीटर. पलीकडच्या अंगाला इटली. आजूबाजूचे डोंगर एकमेकांना चिकटून आहेत, हा मात्र एकटा उभा.

दुसरा दिवस पाच तळ्यांच्या वाटेचा. जमिनीखालून जाणाऱ्या केबलच्या रेल्वेने सुनेगा, तिथून पाळण्याने ब्लाउहेर्ड, उंची साधारण २,५७० मीटर. तिथून चालायचं, बहुतेक उतार. स्टेलिझे, ग्रिंजिझे, ग्रुनझे, मोसजिझे आणि लायझे अशी पाच तळी लागतात. 'झे' म्हणजे तळं. अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. पहिल्या तळ्यात सकाळी वारा नसेल तर मॅटरहॉर्न उलटा दिसतो. आम्हाला दिसला. वहिनींनी चप्पल काढून नमस्कार केला, म्हणजे बूट काढायला दहा मिनिटं लागली पण केला. तिसऱ्या तळ्यापाशी खडक आणि सुचिपर्णी झाडं, चौथ्याचं पाणी दुधात निळं घातल्यासारखं, कारण हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठी त्यात असते. वाटेत शिट्टी ऐकू आली. आम्हाला वाटलं वॉचमन. तो मार्मोट होता, घुशीपेक्षा मोठा, गुबगुबीत, दगडावर उभा राहून इतरांना सावध करणारा.

तिथल्या पाट्यांबद्दल सांगायलाच हवं. पिवळ्या पाट्या, आणि त्यावर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते. अमुक ठिकाण अमुक तास. साधी वाट असेल तर नुसतं पिवळं. डोंगरवाट असेल तर पांढरा-लाल-पांढरा पट्टा, म्हणजे पाय रोवून चालणाऱ्यांसाठी. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपल्यासारख्यांनी नमस्कार करून परत फिरायचं. पाटीवरची वेळ न थांबता चालणाऱ्यासाठी असते. पाच तळ्यांना साधारण अडीच तास धरतात, आम्हाला पाच लागले. त्यात डबा, फोटो, आणि शेवटच्या तळ्याआधीचा चढ. त्या चढावर माझा उजवा गुडघा बोलायला लागला. मी काय केलं? मागे राहिले, "फोटो काढतेय" म्हणाले, आणि पाकिटातली वेदनाशामक गोळी घेतली. कुणाला सांगितलं नाही. एवढ्या लांब येऊन गुडघ्याचं रडगाणं कोण गाईल?

तिसरा दिवस गोर्नरग्राटचा. दोन रुळांच्या मधे दात असलेला तिसरा रूळ, त्यात गाडीचं दातेरी चाक अडकतं आणि गाडी चढते. १८९८ साली सुरू झालेली ही रेल्वे पहिल्या दिवसापासून विजेवर चालते. तेहतीस मिनिटांत १,६०० मीटरवरून ३,०८९ मीटरवर. कळसूबाईवरून निघून त्यावर जवळजवळ आणखी एक कळसूबाई, तेही अर्ध्या तासात, बसल्या बसल्या.

आणि वर ती होती. गोर्नर हिमनदी. खरं सांगते, मी रडले. ती पांढरीशुभ्र नव्हती. राखाडी, भेगाळलेली, आणि अंगावर काळ्या पट्ट्या. दोन प्रवाह एकत्र आले की त्यांच्या कडेचे दगड मधे येतात तो मध्य हिमोढ, जो मी एकतीस वर्षं खडूने काढला, तो समोर पसरलेला. मागे मॉन्टे रोझा, स्वित्झर्लंडमधलं सर्वोच्च शिखर तिथेच, ४,६३४ मीटर. कडेच्या खडकावर जुन्या बर्फाची पातळी कुठवर होती ती रेघ स्पष्ट दिसत होती, आणि आताचा बर्फ तिच्या किती खाली. मी वहिनींना समजावायला लागले. शेजारी उभे असलेले दोन गुजराती तरुणही ऐकायला लागले. मग काय, माझा तास सुरू झाला. चांगली चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत हे कठड्याजवळच्या बाकावर बसून होते. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

ठरल्याप्रमाणे एक स्टेशन गाडीने खाली, रोटेनबोडेनला उतरलो. तिथून खाली रिफेलझे नावाचं तळं, आणि पुढे वाटेने रिफेलबर्ग. तासाभराची वाट, सगळा उतार, काळ्या तोंडाच्या मेंढ्या चरताना दिसतात. आम्ही तळ्यापाशी पोचलो. हे एका दगडावर बसले. म्हणाले, "पाच मिनिटं बसतो, तुम्ही फोटो काढा." वारा एवढा गार की मी मफलर घट्ट केला. आणि यांच्या कपाळावर घाम.

ते पाहिलं भाऊंनी. मी नाही. भाऊ जवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, "छातीत काही होतंय का?" हे म्हणाले, "छे, थोडं जड वाटतंय. वरची हवा विरळ. चला, उतारच आहे, खाली गेलं की बरं वाटेल." भाऊ म्हणाले, "आता पुढे जायचं नाही." हे चिडले. "अहो, सगळ्यांचे पैसे भरलेत. हिचा दिवस आहे आज. तुम्ही तिघं जा, मी इथे थांबतो."

"तिघं जा, मी थांबतो." हे वाक्य आपल्या घराघरांत चालतं. लग्नाला जा, मी थांबते. जेवून घ्या, मी नंतर बसते.

वाटेवरून एक वयस्कर जोडपं येत होतं, तिथलंच असावं. ते थांबले. त्यांनी मोबाईल काढून विचारलं, १४४ ला फोन करू का, हेलिकॉप्टर येईल. हे हात जोडून नको नको म्हणाले. दहा मिनिटांत जडपणा कमी झाला. मग आम्ही स्टेशनकडे परत वळलो. उतरताना तो रस्ता दहा मिनिटांचा होता. चढताना पाऊण तास लागला. भाऊ एका बाजूला, ते परके गृहस्थ दुसऱ्या बाजूला, वीस पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा वीस. ते जोडपं गाडी येईपर्यंत आमच्याबरोबर उभं राहिलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, आम्हाला जर्मन अजिबात नाही. गाडीत बसलो तेव्हा त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि सोडला.

गावातल्या डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला. तेवढ्यापुरतं ठीक आहे म्हणाले, पण पुन्हा वर जायचं नाही, आणि घरी पोचल्यावर लगेच तपासण्या करा. आणि त्यांनी एक गोष्ट जरा कडक आवाजात सांगितली. छातीत जड वाटतंय, घाम येतोय, अशा माणसाला चढावर चालवायचं नसतं. तिथेच बसवून फोन करायचा. हेलिकॉप्टर लाजण्यासाठी नसतं. आपण सगळ्यांनी हे ऐकून ठेवा, आम्ही केलं ते करू नका. उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं हे पुष्कळांना होतं आणि खाली आलं की कमी होतं. पण आपल्या वयात छातीचं काही असेल तर ते उंचीच्या नावावर ढकलू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी हळूहळू चालत गावातच फिरलो. जुन्या वस्तीत लाकडी कोठारं आहेत, खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चपटा गोल दगड, उंदीर वर चढू नये म्हणून. चर्चजवळ गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. आणि चर्चच्या समोरच मॅटरहॉर्नचं संग्रहालय.

तिथे काचेच्या पेटीत एक दोर ठेवलाय. १४ जुलै १८६५ ला सात माणसं मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचली. पुढारी एडवर्ड व्हिंपर, वय पंचवीस. उतरताना सातही जण एकाच ओळीत दोराने बांधलेले होते. त्यात हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याला असल्या चढाईचा अनुभव फारसा नव्हता. व्हिंपरने लिहून ठेवलंय की पुढचा वाटाड्या क्रो हा त्या मुलाचे पाय हाताने धरून एकेक जागी ठेवत होता. इतकी त्याची अवस्था होती. तो घसरला, क्रोवर आदळला, त्यांच्या मागचे दोघे ओढले गेले. चौथ्या आणि पाचव्या माणसामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. त्यातल्या एकाचा, लॉर्ड फ्रान्सिस डग्लसचा, देह कधीच सापडला नाही. नंतर लोक म्हणायला लागले की मागच्या वाटाड्याने, थोरल्या टाउगवाल्डरने, दोर कापला. चौकशी झाली, तो निर्दोष ठरला. जे तिघं वाचले ते त्या कमकुवत दोरामुळे वाचले, आणि जे चौघं गेले तेही त्यामुळेच. सामानात आणखी चांगले दोर होते.

हे पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. दोर अगदी बारीक आहे, आपल्या कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा थोडा जाड. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिंहगडावरही झालं होतं असं. दोनदा."

मी विचारलं, "कधी?"

"जूनमध्ये एकदा, मग जुलैमध्ये. तुला सांगितलं असतं तर तू सहल रद्द केली असतीस."

मी खूप चिडले. संग्रहालयात आवाज चढवता येत नाही म्हणून हळू आवाजात चिडले. आणि मग मला माझ्या पर्समधली गोळ्यांची पट्टी आठवली. दहातल्या चार उरल्या होत्या. मी ती काढून दाखवली. भाऊ आणि वहिनी बघतच राहिले. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे चौघांत दोघं खोटं बोलत चालत होते, आणि आम्ही तुमच्या भरवशावर!"

मंडळी, त्या बोलल्या ते अगदी खरं होतं. आपण समजतो की दुखणं लपवलं म्हणजे दुसऱ्याचा त्रास वाचवला. पण आम्ही एका दोराला बांधलेले होतो, आणि दोराचा कोणता भाग कच्चा आहे हे इतरांना ठाऊकच नव्हतं. हॅडोची अवस्था निदान सगळ्यांना दिसत होती. आमची दिसतही नव्हती, कारण आम्ही ती दिसू दिली नाही.

पुण्याला आल्यावर तपासण्या झाल्या. एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलच्या त्या रात्री आमचा मुलगा बंगलोरहून पोचेपर्यंत बाकड्यावर भाऊ बसले होते, आणि वहिनींनी घरून पिठलं-भात आणला होता. आज हे तिथे पहिल्या रांगेत बसलेत आणि मी त्यांच्याबद्दल एवढं जाहीर बोलतेय म्हणून लाजताहेत. बोलायची परवानगी मी घेतली आहे.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. राहायला आलो तेव्हा आपण सगळे चाळिशीच्या आतबाहेर होतो. लिफ्ट बंद असली तरी दोन-दोन पायऱ्या चढायचो. आता अर्ध्याहून जास्त फ्लॅटमध्ये दोघंच राहतात, काही ठिकाणी एकटंच. मुलं लांब. आपण रोज जिन्यात भेटतो, "कसं काय?" विचारतो, "मजेत" म्हणतो, आणि दार लावतो. त्या "मजेत"च्या मागे काय असतं ते दुसऱ्याला कळत नाही.

म्हणून आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. निघायच्या आधी गेटपाशी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, झोप झाली का, गोळी घेतली का, काय दुखतंय. सुरुवातीला सगळे हसायचे, आता कुणी हसत नाही. दुसरं, जो सगळ्यात सावकाश चालतो तो पुढे. त्याच्या गतीने बाकीचे. तिसरं, कुणी "आज पुरे" म्हटलं तर का असं विचारायचं नाही, त्याच्याबरोबर एकाने परत फिरायचं. मागच्या महिन्यात पर्वतीच्या साठाव्या पायरीवरून मी स्वतः परत फिरले, गुडघ्यामुळे. आकाश कोसळलं नाही. पायथ्याशी चहा प्यायला वेळ मिळाला.

कमिटीला एक विनंती आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये प्रत्येक फ्लॅटचा अडीअडचणीचा फोन नंबर आणि शेजारच्या कुणाकडे किल्ली आहे, याची यादी असावी. फॉर्म मी तयार केला आहे, दूध घेताना टेबलावरून उचला आणि भरून द्या.

हिमनदी मी पाहिली. त्या मुलीचा पत्ता लागला तर तिला सांगेन, हो, पाहिली, आणि ती पांढरी नसते.

रविवारी सकाळी सहा वाजता गेटपाशी जमतो. नवीन कुणी येणार असेल तर जरूर या. फक्त दुखतंय काय ते आधी सांगायचं, मग चालायचं.

दूध आटलं असेल.